‘मेमॉयर २६’ कसं वाचावं: समुद्रतळाखालच्या रेघा आणि त्यांच्यावर चढवलेला अर्थ

नेट-गेटच्या धामधुमीतून एमएस्सीची मुलं डोकं वर काढतात तेव्हा मला हमखास एक मेसेज येतो: "ताई, सिस्मिक स्ट्रॅटिग्राफी शिकायची आहे, आधी काय वाचू?" आमच्या लॅबमध्ये कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. मेमॉयर २६. अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्सने १९७७ साली काढलेला जाडजूड खंड, संपादक चार्ल्स पेटन. त्यातली अकरा भागांची एक लेखमाला एक्सॉन कंपनीच्या संशोधन गटाची आहे: पीटर वेल, रॉबर्ट मिचम, सँग्री, थॉम्पसन ही मंडळी. लोक ‘मेमॉयर २६’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा ही लेखमालाच असते.

मीही तेच उत्तर देते. पण नुसतं "वाच" म्हणून सोडून देणं बरोबर नाही, असं मला आता वाटतं. हे पुस्तक चुकीच्या पद्धतीने वाचलं की ते तुम्हाला फार लवकर हुशार करतं, आणि ती हुशारी महागात पडते. माझं एक अख्खं सेमिस्टर त्यात गेलं. कसं ते सांगते.

आधी दोन मिनिटं सर्व्हेबद्दल. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

किनाऱ्यापासून साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीपर्यंतचा जो उथळ भाग, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात आपण समुद्रबूड जमीन म्हणून शिकलो, तिथे नद्यांनी आणलेला गाळ लाखो वर्षं थरावर थर साचत असतो. जहाज एअरगनने पाण्यात दाबलेली हवा सोडतं, त्या धक्क्याची ध्वनिलहर खाली जाते, आणि जिथे खडकाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार बदलतो तिथून तिचा काही भाग परत येतो. जहाजामागे ओढलेल्या लांब केबलमधले हायड्रोफोन तो टिपतात. हेच दर काही मीटरवर केलं की शेजारी शेजारी ठेवलेल्या नोंदींतून एक चित्र तयार होतं. त्यातला आडवा अक्ष अंतराचा असतो. उभा अक्ष मात्र खोलीचा नसतो, तो वेळेचा असतो: लहर जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले. हे सगळ्यांना माहीत असतं आणि चित्र समोर आलं की सगळे विसरतात.

मीही विसरले होते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला पश्चिम किनाऱ्याची एक जुनी लाईन इंटरप्रिट करायला मिळाली. पाण्याची खोली साधारण साठ मीटर. समुद्रतळाच्या खाली एक ठळक रेघ दिसत होती आणि ती खालचे तिरपे थर सरळ कापत जात होती. मी नुकतंच मेमॉयर वाचलेलं. थर कापले गेले म्हणजे झीज झाली, झीज झाली म्हणजे समुद्र मागे गेला होता. वीस-एक हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा हा सगळा भाग उघडा पडलेला असणार. किती छान जुळलं! तीन महिने मी त्या रेघेचा नकाशा केला, तिच्यावर दऱ्या शोधल्या, सेमिनारची स्लाईड केली.

सरांनी स्लाईड बघून एवढंच विचारलं, "अगं, पाण्याची खोली किती आहे?"

साठ मीटर पाणी, पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर. म्हणजे समुद्रतळापर्यंत जाऊन यायला ८० मिलिसेकंद. माझी ‘झीज’ होती बरोब्बर १६० मिलिसेकंदांवर. लहर समुद्रतळावरून पृष्ठभागावर आली, तिथून परत खाली गेली आणि पुन्हा वर आली. इंटरप्रिटेशनच्या पहिल्या धड्यात असतं ते मल्टिपल. जिथे समुद्रतळ उतरत होता तिथे माझी रेघ दुप्पट उताराने उतरत होती, हेही मी नोंदवलं होतं. मी त्याला ‘जुन्या भूभागाचा उतार’ म्हटलं होतं.

सर हसले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

हे पुस्तकामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मल्टिपल ओळखणं माझं काम होतं. पण मी तो प्रश्न विचारलाच का नाही, याचं उत्तर मला नंतर पुस्तक पुन्हा वाचताना मिळालं.

आधी त्याची थोरवी. मेमॉयरच्या आधी तेलकंपन्यांना सिस्मिक मुख्यतः घडीचे उंचवटे आणि भ्रंश शोधायला हवं असायचं; कुठे घुमट आहे, कुठे तेल अडकू शकेल एवढंच. रेघांच्या मधल्या बारीक नक्षीकडे कोणी फार बघत नव्हतं. वेल आणि मंडळींनी सांगितलं की रेघ कुठून कुठे जाते हे बघाच, पण ती कुठे आणि कशी संपते हे आधी बघा. वरच्या थराच्या रेघा तिरप्या पृष्ठभागावर आडव्या येऊन टेकल्या तर ऑनलॅप. तिरप्या रेघा खालच्या पृष्ठभागावर उतरून संपल्या तर डाउनलॅप. वरून छाटल्यासारख्या दिसल्या तर ट्रंकेशन. अशा शेवटांच्या जागा जोडत गेलात की गाळाच्या एका जुडग्याच्या सीमा आपोआप समोर येतात, त्या जुडग्याला त्यांनी डिपॉझिशनल सीक्वेन्स म्हटलं. सीक्वेन्सची कल्पना वेल यांचे गुरू लॉरेन्स स्लॉस यांची, खंडाच्या अंतर्भागातल्या खडकांवरून आलेली. तिला समुद्रबुडीच्या गाळात आणून तिला मोजमाप दिलं ते या गटाने. दुसरा आणि सहावा भाग आजही मी कोणालाही डोळे मिटून सुचवेन. सहाव्या भागातल्या आकृत्या तर ट्रेसिंग पेपरवर गिरवण्यासारख्या आहेत. मी गिरवल्या आहेत.

आता अडचण. या लेखमालेत बघणं, समजावणं आणि जगभर लागू करणं या तिन्ही पायऱ्या एकाच आवाजात सांगितल्या आहेत. दुसऱ्या भागात ‘रेघ इथे संपते’ हे जितक्या ठामपणे येतं, तितक्याच ठामपणे तिसऱ्या भागात ‘म्हणून समुद्र इतका वर आला’ हे येतं, आणि चौथ्यात ‘हे जगभर एकाच वेळी झालं’ हेही. वाचणाऱ्याला पायरी बदलल्याचं कळतच नाही. माझं तेच झालं होतं. रेघ दिसली आणि मी थेट हिमयुगात पोचले. मधे ‘ही रेघ मुळात आहे का’ हा प्रश्न विचारायला जागाच राहिली नाही.

तिसऱ्या भागातलं उदाहरण घ्या. किनाऱ्यालगतचे थर जमिनीच्या दिशेने सरकत टेकत गेले, म्हणजे सापेक्ष समुद्रपातळी वाढली. मग अचानक टेकण्याची जागा खूप खाली, समुद्राकडे गेली, म्हणजे पातळी पडली. यातला ‘सापेक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तिसऱ्या भागात तो प्रामाणिकपणे वापरलाय. कारण तळ किती खचतोय आणि गाळ किती येतोय, या दोन्हींवर टेकण्याची जागा ठरते. गोदावरीचं मुख बघा. गेल्या काही हजार वर्षांत समुद्रपातळी फारशी बदललेली नसताना त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकत गेला आहे, कारण नदी गाळ आणतेय. किनारा पुढे गेला एवढ्यावरून समुद्र उतरला असं म्हणता येत नाही. चौथ्या भागात जगाचा आलेख काढताना हा ‘सापेक्ष’ हळूच पातळ होतो. ऑनलॅपचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा आहे, सावकाश चढ आणि एकदम कडा; आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तो समुद्रपातळीचाच आलेख होऊन बसतो. वॉल्टर पिटमन यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की खचणाऱ्या किनाऱ्यावर रेषेची जागा पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने बदलते यावर जास्त अवलंबून असते. म्हणजे कडा दिसली तरी समुद्र कोसळलेला असेलच असं नाही.

आणि मग ती प्रसिद्ध आकृती. जगाच्या आलेखात क्रेटेशियस काळाचा भाग बारीक तिरप्या रेघांनी भरून टाकलाय, कारण त्या काळातली चक्रं प्रसिद्ध करायला परवानगी दिलेली नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते रोमांचक वाटलं होतं, कंपनीचं गुपित वगैरे. आता राग येतो. तुम्ही जगाला एक कालगणनेचं साधन देताय, त्यावर लोकांनी आपापल्या खोऱ्यांची वयं ठरवावीत असं सुचवताय, आणि ज्या सिस्मिक लाईन्सवरून व ज्या विहिरींवरून ते काढलं त्यातलं बहुतेक दाखवत नाही. कंपनीच्या बाजूने बघितलं तर ते समजण्यासारखं आहे, पैसा त्यांचा होता. पण मग त्याला निष्कर्ष म्हणा, पुरावा म्हणू नका.

परिणाम काय झाला ते नीट समजून घ्या, कारण हा तुमच्याही थीसिसमध्ये होऊ शकतो. एखाद्या खोऱ्यात कोणाला सीमा सापडली की वय ठरवायला तो आलेख काढायचा, जवळची घटना निवडायची, आणि मग लिहायचं की आमची सीमा जागतिक घटनेशी जुळते. ती न जुळणारच कशी? १९८७ मध्ये हक, हार्डेनबोल आणि वेल यांनी ‘सायन्स’मध्ये सुधारित आलेख दिला, त्यात घटना आणखी दाट झाल्या. १९९२ मध्ये अँड्र्यू मिआल यांनी ‘जिऑलॉजी’मध्ये एक छोटा, जवळजवळ खोडकर प्रयोग छापला. त्यांनी यादृच्छिक आकड्यांवरून चार खोटे स्तंभ तयार केले, प्रत्येकात चाळीस घटना, आणि ते एक्सॉनच्या आलेखाशी जुळवून पाहिले. सर्वांत कमी जुळणीही ७७ टक्के निघाली! घटना इतक्या जवळजवळ आहेत की वय ठरवण्यातली आपली चूक त्यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठी पडते. हा चार पानांचा पेपर तुम्ही मेमॉयरच्या चौथ्या भागाला लागूनच वाचा, त्याच दिवशी.

मात्र पाचव्या भागाबद्दल मला वेगळं बोलायचंय, कारण तिथे टीकाकारही थोडे घाईत असतात. पाचवा भाग म्हणतो की सिस्मिक रेघा साधारणपणे एकाच काळच्या पृष्ठभागांच्या मागे जातात. वाळू-चिखल अशा खडकाच्या प्रकाराच्या सीमेमागे जात नाहीत. हे ऐकायला विचित्र वाटतं पण पुष्कळदा खरं आहे, आणि सगळी सिस्मिक स्ट्रॅटिग्राफी त्यावर उभी आहे. वाळूचं चिखलात रूपांतर हळूहळू, दातेरी होतं, त्यातून एकसंध परावर्तन येत नाही. थरांचे पृष्ठ मात्र लांबवर सलग असतात. पण ‘साधारणपणे’ हा शब्द वाचताना गळतो. रुडॉल्फ, श्लागर आणि बिडल यांनी १९८९ मध्ये इटलीतल्या डोलोमाइट्समधल्या पिक्को दी वालांद्रो या कड्यावर, जिथे थर उघड्या डोळ्यांनी दिसतात, त्या थरांचं कृत्रिम सिस्मिक तयार केलं. कड्यात जे थर बारीक होत एकमेकांत गुंतत जातात, ते सिस्मिकमध्ये एका पृष्ठावर टेकून संपल्यासारखे दिसले. नसलेली विसंगती दिसली. कारण साधं आहे: लहरीची लांबी. ३० हर्ट्झची लहर आणि सेकंदाला २००० मीटर वेग धरला तर तरंगलांबी ६६ मीटर, आणि तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे सोळा-सतरा मीटरपेक्षा पातळ थराचा वरचा आणि खालचा पृष्ठ वेगवेगळा दिसत नाही. तुमच्या पडद्यावरची ‘रेघ’ बऱ्याचदा पाच-सहा थरांच्या परावर्तनांची बेरीज असते. थर संपला नाही, तुमची नजर संपली.

याच्या जोडीला उभं ताणलेलं चित्र. सेक्शन छापताना उभा अक्ष वीसपट वगैरे ताणतात, त्याशिवाय काही दिसतच नाही. दोन अंशांचा उतार मग पस्तीस अंशांचा दिसतो. मी पहिल्यांदा क्लायनोफॉर्म, म्हणजे गाळाच्या पुढे सरकणाऱ्या तिरप्या थरांची रचना, बघितली तेव्हा मला वाटलं हा कडाच आहे; प्रत्यक्षात त्यावरून कोणी चाललं असतं तर उतार आहे हे जेमतेम कळलं असतं.

बरं, मग वेल चुकले होते का? इथे मला न्यू जर्सीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण या वादात खरी मेहनत तिथे झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळची ही समुद्रबूड जमीन शांत आहे, सावकाश खचणारी, भरपूर गाळाची. केनेथ मिलर, ग्रेगरी माउंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की आलेखावर भांडत बसण्यापेक्षा सिस्मिकमधल्या सीमांना भोकं पाडून बघू. १९९३ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या १५० व्या मोहिमेत खंडान्त उतारावर बोअर घेतले, त्याच सुमारास जमिनीवर आयलंड बीच, अटलांटिक सिटी, केप मे इथेही. १९९७ मध्ये १७४ए मोहिमेत समुद्रबुडीच्या बाहेरच्या भागावर. तिथे सुटी वाळू ढासळून कोअर फार कमी हाती लागला. सिस्मिकवर सर्वांत सुंदर दिसणारे क्लायनोफॉर्म ज्या आतल्या उथळ भागात होते तिथे ते मोठं जहाज कामाचं नव्हतं. शेवटी २००९ मध्ये ३१३ व्या मोहिमेत समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी लिफ्टबोट नेली, सुमारे ३५ मीटर पाण्यात तीन ठिकाणी बोअर घेतले आणि सुमारे १३०० मीटर कोअर वर आला, साधारण ८० टक्के रिकव्हरी. वाळूत ८० टक्के म्हणजे काय हे ज्याने कोअरिंग केलंय त्यालाच कळेल. (त्याच भोकांमध्ये समुद्राखाली गोड्या पाण्याचे थरही सापडले, पण तो वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.)

निकाल कोणाच्याच बाजूने पूर्ण लागला नाही. ऑलिगोसीन आणि मायोसीनमधल्या सीमा कोअरमध्ये खरोखर सापडल्या, त्यांची वयं स्वतंत्रपणे, सूक्ष्मजीवाश्म आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून काढली गेली, आणि त्या खोल समुद्रातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत दिसणाऱ्या बर्फवाढीच्या घटनांशी जुळल्या. म्हणजे ‘कधी’ याबाबतीत एक्सॉनचा आलेख त्या काळापुरता बराच बरोबर निघाला. ‘किती’ याबाबतीत मात्र तो फुगलेला होता. मूळ आलेखात पातळीची चढउतार शेकडो मीटरांची होती, क्रेटेशियसचं शिखर आजच्या साडेतीनशे मीटर वर. मिलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो आढावा घेतला त्यात ते शिखर १०० मीटर, अधिकउणे ५०, आणि झपाट्याच्या चढउतारी काही दशक मीटरांच्या.

मला यातली कालरेषा बघवत नाही आणि विसरवतही नाही. १९७७ चा दावा, त्याची त्याच जातीच्या थरांवर नीट तपासणी २००९ मध्ये. मधल्या काळात किती थीसिस त्या आलेखावर वयं टेकवून पास झाले असतील! त्यातले काही मी माझ्या रेफरन्समध्ये घेतलेत. परत जाऊन बघितलं तर दोन ठिकाणी सीमेचं वय ज्या पद्धतीने काढलंय ती पद्धत म्हणजे आलेखच आहे, दुसरं काही नाही. ती दोन वयं मी माझ्या तक्त्यातून काढून टाकली. गाईडना विचारून काढली, पण काढली.

तर तुम्ही वाचताना काय करा. दुसरा आणि सहावा भाग आधी, पेन्सिल घेऊन. पाचवा भाग श्लागर मंडळींच्या पेपरसोबत. तिसरा वाचताना ‘सापेक्ष’ हा शब्द आला की खूण करा, आणि चौथ्यात तो कुठे गायब होतो ते शोधा. हा खेळ खरंच करून बघा, तासाभरात जे शिकाल ते लेक्चरमध्ये मिळत नाही. चौथा भाग सोडू मात्र नका. काही जण आता म्हणतात तो जुना झाला, थेट नवी पाठ्यपुस्तकं वाचा. नव्या पुस्तकांत आकृत्या जास्त गुळगुळीत आहेत, आणि तो सांधा जिथे निरीक्षण संपून दावा सुरू होतो, तो घासून सपाट केलेला आहे. वेल यांच्या लिखाणात तो अजून बोटाला लागतो.

माझ्या त्या लाईनवर मी पुन्हा काम केलं. आता दोन ट्रेसिंग लेयर ठेवते. एकावर फक्त रेघा आणि त्यांचे शेवट, काळ्या रंगात, नाव न देता. दुसऱ्यावर नावं, वयं, बाण, लाल रंगात. पहिला लेयर गाईडना किंवा बॅचमेटला लाल लेयर बंद करून दाखवते आणि विचारते, तुला काय दिसतं. मल्टिपल वजा केल्यावर १६० मिलिसेकंदांची ती रेघ गेली, पण तिच्या वर, समुद्रतळाच्या साधारण वीस मिलिसेकंद खाली, एक फिकट, तुटक रेघ उरली. तिच्या खालचे थर तिरपे आहेत आणि वरचे आडवे. काही ठिकाणी ती दिसतच नाही, कारण आपल्या किनाऱ्यालगतच्या चिखलात गॅस आहे आणि त्याखालचं सगळं धूसर होतं. मी ती काळ्या रंगात काढलीय. लाल लेयरवर अजून तिथे काही लिहिलेलं नाही. कोअर येत नाही तोवर तिथे प्रश्नचिन्ह आहे, आणि पुढच्या सेमिनारची स्लाईडही त्या प्रश्नचिन्हासकटच जाणार आहे.